अभियंता फजलूर रहमान खान : कमी सामानात उंच उभारण्याची विद्या

मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला आपण रोज ये-जा करता. एखाद्या दिवशी घाई नसेल तेव्हा क्षणभर थांबून वर पाहा. जेथे आपल्या वाडवडिलांच्या आठवणीत खाजण, मिठागरे आणि भातशेती होती, तेथे आज मजल्यांवर मजले चढलेले दिसतील. त्या इमारतींच्या बिल्डरचे नाव तुम्हांला ठाऊक असते, कारण ते दरवाजावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. आर्किटेक्टचे नावही कधी कधी कानावर येते. पण खांब किती जाडीचा घ्यावा, तुळईत किती सळया घालाव्यात, पाया किती खोल न्यावा हे ज्याने कागदावर ठरविले, त्याचे नाव सांगता येईल काय? आपल्याकडे त्याला आर.सी.सी. कन्सल्टंट म्हणतात, पुस्तकी भाषेत संरचना अभियंता. इमारत उभी असेपर्यंत त्याची कोणी आठवण काढीत नाही आणि स्लॅब कोसळला की पहिली शोधाशोध त्याचीच होते.

अशाच एका अभियंत्याची जीवनकथा या अंकात आपणांपुढे ठेवीत आहोत. एका गणिताच्या शिक्षकाचा हा मुलगा ढाक्यात जन्मला आणि पुढे जगातली सर्वांत उंच इमारत त्याच्या हिशेबावर उभी राहिली. पण उंची ही त्याची खरी कमाई नव्हे. उंची गाठण्यासाठी इतरांना जेवढे पोलाद आणि काँक्रीट लागत असे त्याहून पुष्कळ कमी सामानात त्याने ती गाठून दाखविली, हे त्याचे खरे काम. आज जगभर निसर्गाला न ओरबाडता बांधकाम कसे करावे याची चर्चा चालू आहे. अशा वेळी या माणसाचे चरित्र वाचणे केवळ मनोरंजनाचे नाही, आपल्या उपयोगाचेही आहे.

फजलूर रहमान खान यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ रोजी ढाका येथे झाला. त्यावेळी बंगाल अखंड होता. वडील अब्दुर रहमान खान हे गणिताचे अध्यापक आणि शिक्षण खात्यातील अधिकारी. घरी दौलत नव्हती, पण पुस्तके होती आणि हिशेब चोख ठेवण्याची शिस्त होती. ढाक्याच्या आर्मानीटोला शाळेतून बाहेर पडल्यावर फजलूर कलकत्त्याजवळच्या शिबपूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झाले. फाळणीनंतरच्या अस्वस्थ काळात त्यांना तेथून परतावे लागले आणि त्यांची पदवी ढाक्याच्या अहसानुल्लाह अभियांत्रिकी महाविद्यालयातून पुरी झाली. परीक्षेत ते पहिले आले. चालू शिक्षण मध्येच तुटल्यामुळे निराश झालेले विद्यार्थी आपल्याही आसपास असतील. त्यांनी एवढी गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी.

१९५२ साली शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात गेले. तीन वर्षांत त्यांनी दोन मास्टर्स पदव्या आणि एक डॉक्टरेट संपादन केली. १९५५ मध्ये शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या नामांकित वास्तुशिल्प कंपनीत त्यांना नोकरी लागली. मध्यंतरी मायदेशाच्या ओढीने ते परतले आणि कराचीच्या विकास प्राधिकरणात काम करू लागले. परंतु तेथे अभियांत्रिकीपेक्षा कारभाराचेच काम अधिक पडू लागले. मन रमेना. १९६० मध्ये ते पुन्हा शिकागोला गेले, ते कायमचे.

आता वाचकहो, त्यांच्या शोधाचे मर्म समजून घेऊ या. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही.

इमारतीवर दोन प्रकारचे भार येतात. एक वरून खाली येणारा, म्हणजे भिंती, माणसे, सामानसुमान यांचे वजन. दुसरा आडवा, म्हणजे वाऱ्याचा आणि भूकंपाचा. बैठी चाळ असेल तर वाऱ्याची फारशी फिकीर नसते. पण इमारत जसजशी उंच होते तसतसा वारा तिला वाकवू पाहतो, आणि तो थोपविण्यासाठी जास्तीचे पोलाद घालावे लागते. मजले दुप्पट केले तर हे जास्तीचे पोलाद दुपटीहून कितीतरी अधिक वाढते. उंचीसाठी मोजावी लागणारी ही जणू पट्टीच होय. जुन्या पद्धतीत इमारतीच्या पोटात जागोजागी खांब आणि तुळया गुंफून वाऱ्याला तोंड दिले जाई. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत १९३१ साली याच पद्धतीने उभी राहिली. तिच्या दर चौरस फुटामागे सुमारे १९ किलो पोलाद लागले.

खान यांनी विचार केला तो अगदी साधा. आपल्या कोकणातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, बांबू आतून पोकळ असूनही वादळात टिकतो कसा? त्याची सारी ताकद बाहेरच्या सालीत असते म्हणून. मग इमारतीचे खांब पोटात कशाला? ते बाहेरच्या कडेला जवळजवळ उभे करावेत, मजल्यामजल्यावर घट्ट तुळयांनी बांधावेत, म्हणजे सगळी इमारतच एक पोकळ नळी होईल आणि वाऱ्याला एकसंध तोंड देईल. या कल्पनेवर शिकागोमध्ये ४३ मजल्यांची डीविट-चेस्टनट ही राहत्या घरांची इमारत १९६६ मध्ये पुरी झाली. तिचे बाहेरचे खांब सुमारे साडेपाच फुटांच्या अंतराने उभे आहेत आणि त्यांच्या मधल्या जागेतच खिडक्या आहेत.

त्यापुढचे पाऊल म्हणजे शिकागोचीच शंभर मजली जॉन हॅनकॉक इमारत. १९६९ मध्ये तिचे बांधकाम पूर्णत्वाला आले. तिच्या चारी अंगांवर मोठमोठ्या तिरक्या पट्ट्यांच्या फुल्या दिसतात. पाहणाऱ्याला ते नक्षीकाम वाटेल, पण तो तिचा कणाच आहे. या फुल्यांमुळे पोलादाचा खर्च दर चौरस फुटाला सुमारे साडेतेरा किलोंवर आला. शंभर मजले तेच, पण दर फुटामागे साडेपाच किलोंची बचत! आपल्याकडच्या पाचशे चौरस फुटांच्या घराच्या मापाने बोलायचे तर घरामागे सुमारे पावणेतीन टन. आपल्या इमारती आर.सी.सी.च्या असल्यामुळे हे आकडे येथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, तरीपण बचतीचा अंदाज यावा.

याच इमारतीत खाली दुकाने आणि मोटारी, मध्ये कचेऱ्या आणि वर राहती घरे अशी रचना आहे. रोज सकाळी भाईंदरहून चर्चगेट गाठणाऱ्यांना घर आणि कचेरी एकाच छपराखाली असण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

येथे एक शंका तुमच्या मनात येईल. सामान कमी करायचे म्हणजे काटकसर, आणि बांधकामातल्या काटकसरीचा अनुभव आपल्याला चांगला नाही. सिमेंट कमी, सळई बारीक, रेती खारी, आणि दहा वर्षांत गळणारा स्लॅब! वाचकहो, ही काटकसर नव्हे, ही चोरी होय. या दोहोंतला फरक खान यांच्या कामातून स्पष्ट दिसतो. हॅनकॉकचे काम चालू असताना १९६६ च्या सुमारास पायाच्या काँक्रीटमध्ये दोष आढळले. काम थांबविण्यात आले, पाया तपासून दुरुस्त करण्यात आला, आणि त्यात महिने गेले. वर पोलादाचा किलो किलो वाचविणाऱ्या या इमारतीच्या पायात जी हयगय झाली होती ती झाकली गेली नाही. उंच इमारत वाऱ्याने किती हलली तर माणसाला जाणवते, हे पाहण्यासाठी खान यांनी माणसांना हलत्या फलाटावर बसवून प्रयोगही केले. चोर सामान कमी करतो तेव्हा हिशेब टाळतो. खान यांनी सामान कमी केले ते हिशेब अधिक खोल करून.

अमेरिकेतील ह्यूस्टन शहराची जमीन चिकणमातीची, भार न सोसणारी. तेथे १९७१ मध्ये त्यांनी ५२ मजल्यांची वन शेल प्लाझा ही इमारत हलक्या वजनाच्या काँक्रीटची केली. आत एक नळी, बाहेर दुसरी, अशी तिची रचना होती. साध्या पद्धतीने तेवढ्याच दरात पस्तीस मजल्यांपर्यंतच जाता आले असते. खाडीच्या चिखलावर वसलेल्या आपल्या गावाने हे उदाहरण विशेष लक्षात ठेवावे. जमीन नरम असेल तर पाया अवाढव्य करणे हा एक उपाय, आणि वरचा भारच हलका करणे हा दुसरा. दुसरा उपाय सुचण्यासाठी डोके अधिक लागते, सामान कमी लागते.

मग आली सिअर्स टॉवर. ११० मजले, उंची १४५० फूट, म्हणजे ४४२ मीटर. १९७४ मध्ये पुरी झालेली ही इमारत १९९८ पर्यंत जगातली सर्वांत उंच इमारत म्हणून गणली गेली. आता तिचे नाव विलिस टॉवर आहे. खान यांनी येथे एका नळीऐवजी नऊ चौकोनी नळ्या, प्रत्येक ७५ फूट रुंद, एकत्र बांधल्या, जशी बांबूंची मोळी. वर जाताना एकेक नळी थांबत जाते. दोन ५० व्या मजल्याला, दोन ६६ व्या, तीन ९० व्या आणि उरलेल्या दोनच अखेरपर्यंत जातात. एम्पायर स्टेटहून दोनशे फूट उंच असूनही हिला दर चौरस फुटाला सुमारे १५ किलोच पोलाद लागले.

ही सारी कामे खान यांनी एकट्याने केली असे मानणे चुकीचे ठरेल. वास्तुशिल्पी ब्रूस ग्रॅहम हे त्यांचे जोडीदार. या दोघांच्या जोडीतच आजच्या अभियंत्यांसाठी मोठा धडा आहे. सामान्य रिवाज असा, की बिल्डर भाव ठरवितो, आर्किटेक्ट आकार ठरवितो आणि सगळे ठरल्यावर आराखडा अभियंत्याकडे येतो, की आता हे उभे राहील असे करून द्या. हाती वेळ थोडा, फी थोडी. मग मागच्या कामाचा कागद पुढे ओढला जातो, सगळ्यांत जाड खांबाचे माप सगळीकडे लावले जाते, आणि जास्त घातले तर बिघडले कुठे, अशी मनाची समजूत घातली जाते. पर्यावरणाचा विषय निघाला तर अभियंता म्हणतो, ते गच्चीवरच्या सौर पट्ट्यांचे आणि बागेतल्या झाडांचे काम, माझा काय संबंध? खान यांची वृत्ती याच्या नेमकी उलट होती. इमारतीची पहिली रेघ कागदावर उमटते तेव्हाच अभियंता आर्किटेक्टच्या शेजारी बसलेला असला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ते वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना शिकवीत, तेही याच भावनेने.

त्यांचा हा आग्रह किती रास्त होता ते आज अधिक कळते. सिमेंट तयार करण्यासाठी चुनखडी सुमारे साडेचौदाशे अंश उष्णतेत भाजावी लागते. जगातील एकूण कार्बन वायूपैकी सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटमधून येतो. एक टन पोलादामागे सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन वायू हवेत जातो. नवी इमारत बांधताना होणाऱ्या प्रदूषणाचा सर्वांत मोठा वाटा पाया, खांब, तुळया आणि स्लॅब यांचा असतो, म्हणजेच अभियंत्याच्या कागदावरचा. ब्रिटनमधील अनेक संरचना अभियंत्यांनी २०१९ साली ही जबाबदारी जाहीरपणे आपल्या माथी घेतली. खान यांच्या काळी या विषयाला नावदेखील नव्हते. ते पैसा आणि सामान वाचवीत होते, पण उधळपट्टी, जिला आपल्या घरांत इस्राफ म्हणतात, ती त्यांच्या गणितात बसतच नव्हती.

मात्र चरित्र लिहिताना एकच बाजू दाखविणे बरे नव्हे. खान यांच्या शिकागोतील इमारती पोलादात काटकसरी असल्या, तरी त्या मोठमोठ्या काचांच्या आहेत आणि थंडी-उन्हाळ्यात त्यांना आत सुखकर ठेवण्यासाठी वीज पुष्कळ लागते. शिवाय कमी सामानात उंच जाता येते हे कळल्यावर जगात उंच इमारतींची चढाओढ लागली आणि वाचलेले पोलाद नव्या मजल्यांत गेले. हा दोष एकट्या खान यांच्या पदरी घालता येणार नाही, पण तो नजरेआड करणेही योग्य नाही.

१९७१ साली त्यांच्या जन्मभूमीत युद्ध पेटले. शिकागोत बसून स्वस्थ राहणे त्यांना जमले नाही. निर्वासितांसाठी निधी गोळा करणे आणि बांगला देशाच्या बाजूने अमेरिकेत लोकमत जागे करणे या कामांसाठी त्यांनी तेथील बंगाली बांधवांना संघटित केले. ज्या वर्षांत सिअर्स टॉवरचे आकडे त्यांच्या टेबलावर होते, त्याच वर्षांत हे कामही चालू होते.

त्यांच्या आयुष्यातले अखेरचे मोठे काम वाळवंटात झाले आणि आपल्या वाचकांपैकी अनेकांनी ते स्वतः पाहिले असेल. जिद्दाच्या विमानतळावर हज यात्रेकरूंसाठी बांधलेले टर्मिनल ते हेच. वर्षातले काही आठवडे लाखो माणसे एकदम उतरणार, तासन् तास थांबणार, आणि बाकीचे महिने जागा बहुतेक रिकामी! एवढी जागा भिंतींनी बंद करून यंत्राने थंड करायची म्हटली तर विजेचा डोंगर लागला असता. खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे वाळवंटातला जुना उपाय नव्या सामानात उतरविला, तो म्हणजे तंबू. काचतंतूंच्या, टेफ्लॉनचा लेप दिलेल्या कापडाचे २१० तंबू, प्रत्येक ४५ मीटर लांब-रुंद, पोलादी खांबांवर दोरांनी टांगलेले. पांढरे कापड उन्हाचा मोठा भाग परत फेकते, तापलेली हवा वरच्या तोंडातून निघून जाते आणि मोकळ्या बाजूंनी वारा खेळतो. तंबूंखालच्या मोकळ्या जागेत थंड हवेची यंत्रे नाहीत, दिवसा दिव्यांची गरज नाही. १९८१ मध्ये ते वापरात आले आणि १९८३ मध्ये त्याला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. शिकागोच्या काचेच्या इमारतींत जी उणीव राहिली, ती या माणसाने जिद्दाच्या उन्हात भरून काढली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हा पुरस्कार पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. २७ मार्च १९८२ रोजी जिद्दा येथेच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्रेपन्नावा वाढदिवस एका आठवड्यावर होता. शिकागोच्या ग्रेसलँड दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. १९९९ मध्ये बांगला देशाने मरणोत्तर स्वातंत्र्य पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला. त्यांची कन्या यास्मिन हिनेही वडिलांचाच व्यवसाय पत्करला आणि त्यांच्या कामावर ग्रंथ लिहिला.

वाचकहो, आता शिकागो आणि जिद्दा सोडून पुन्हा आपल्या गावी येऊ. मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ ची, महापालिका २००२ ची, आणि २०११ च्या जनगणनेत येथील वस्ती आठ लाखांवर गेली. त्या सुरुवातीच्या वर्षांत घाईने उठलेल्या इमारती आता तिशी ओलांडून चाळिशीकडे झुकल्या आहेत. कायद्याने तीस वर्षांवरच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे लागते. एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र. खारी हवा काँक्रीटच्या बारीक भेगांतून सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते, आणि गिलाव्यासकट काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. अशी इमारत पाडली जाते तेव्हा नुसती भिंत पडत नाही. तिच्यात एकदा जाळलेले सगळे सिमेंट आणि पोलाद वाया जाते आणि पुन्हा तेवढेच, किंबहुना अधिक, भट्टीत जाते. एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी आणि भाड्याच्या घरात जाणारी वर्षे वेगळीच.

म्हणून आपल्या गावात काटकसरीचा पहिला अर्थ उंची नव्हे, आयुष्य हा आहे. चाळीस वर्षांत पाडावी लागणारी इमारत ऐंशी वर्षे टिकली तर अर्धे सामान वाचले. यासाठी लागणाऱ्या गोष्टी काही गूढ नाहीत. आय.एस. ४५६ या भारतीय मानकात समुद्रकाठच्या तीव्र परिस्थितीसाठी किमान एम-३० दर्जाचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे आवरण सांगितले आहे. औष्णिक वीजकेंद्राची राख किंवा पोलादाच्या भट्टीची मळी मिसळलेले सिमेंट नीट पाणी मारून मुरविले, तर खाऱ्या हवेला ते अधिक दाद देत नाही आणि कार्बनही कमी. गच्चीची गळती वेळीच बंद केली तर सळई वाचते. आणि जी इमारत दुरुस्तीने सावरू शकते ती पाडण्याची घाई करू नये, हे सांगण्याचे धैर्य अभियंत्याने दाखविले पाहिजे.

तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाची सभा भरेल तेव्हा नव्या घराचे चौरस फूट किती, एवढेच विचारून थांबू नका. अभियंता कोण, तो आर्किटेक्टबरोबर पहिल्या दिवसापासून बसला आहे काय, सळईवर आवरण किती, खांबांची मापे हिशेबाने ठरली की मागच्या कागदावरून उतरविली, हेही विचारा. प्रश्न विचारणारे लोक असतील तर विचार करणारे अभियंते तयार होतात.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी ज्यांना गणित आवडते त्यांच्यासाठी शेवटची विनंती. ढाक्याच्या शिक्षकाच्या या मुलाकडे भांडवल नव्हते, वशिला नव्हता. होते ते गणित आणि वाया घालवायचे नाही हा हट्ट. तुमच्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या खाडीच्या या चिखलावर दोन पिढ्या टिकेल असे घर कमीत कमी सामानात उभारील, तेव्हा त्या इमारतीच्या दरवाजावर तिचे नाव कदाचित लिहिले जाणार नाही. पण तिच्या छपराखाली निर्धास्त झोपणारी माणसे असतील, आणि अभियंत्याला याहून मोठे स्मारक कोणते हवे?